पाच घरांच्या दोऱ्याची बंडी

आमच्या घरात मुलाचं माप घ्यायचं नाही असा नियम होता. दोऱ्यानं नाही, काडीनं नाही, वितीनंसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, मग कपडे करायचे कसे? तेच तर सांगते.

मी जळगावची मुलगी, पारोळ्याला दिलेली. सासर शेतकऱ्याचं, पण आमचे हे कापसाच्या जिनमध्ये कारकून होते, म्हणून बाजाराजवळ दोन खोल्या घेऊन आम्ही राहायचो. मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी आळी अक्का म्हणायची, मग मीही अक्काच म्हणायला लागले. अंगानं काडी, पण आवाज असा की त्यांनी आपल्या शेतातून हाक मारली तर शेजारच्या शेतातले बैल थांबायचे.

तो नियम त्यांचा. आणि तो उगाच नव्हता. माझी पहिली दोन मुलं गेली होती. मुलगी दात येता येता गेली, मुलगा रांगायला लागला आणि गेला. दोघांनाही जुलाबच झाले. लहान मुलांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मुलगा गेला त्या दिवशी चुलतसासऱ्यांनी अंगणातल्या कडब्यातून ज्वारीचा एक धांडा ओढला, आत आले, मुलाच्या बाजूला धरला आणि डोक्याच्या जरा वर कडकन मोडला. खड्डा केवढा घ्यायचा त्याचं ते माप. त्यात दुष्टपणा नव्हता, कुणाला तरी ते करावंच लागतं. पण तो धांडा मोडल्याचा आवाज माझ्या कानातून गेला नाही. मुलीच्या वेळी मी शुद्धीवरच नव्हते. अक्कांनी मात्र तो दोन्ही वेळा ऐकला.

म्हणून तिसरा झाला तेव्हा पाचवी पुजायच्या आधीच अक्कांनी मला सांगून ठेवलं, "पोऱ्याले दोरा लावू नको, काडी लावू नको. ह्या घरमा दोन दाव माप हुई गयं. आते नही."

दुसराही नियम होता, तो तर पुष्कळ घरांतून होता तेव्हा. मुलं वाचत नसली की नंतरच्या मुलाला नवं काही घालायचं नाही. मागून आणायचं. पाच घरी पदर पसरायचा, कुणाचं जुनं धडुतं, कुणाचा फाटका सदरा, ते आणून घालायचं. म्हणजे यमाला वाटावं, हे तर लोकांचं टाकलेलं, हे कशाला न्या. नावही तसंच टाकाऊ ठेवायचं. आमच्याही मुलाचं ठेवलं होतं, ते काही सांगत नाही. कुणी विचारलं, "केवढा झाला गं नातू?" तर अक्का म्हणायच्या, "कसाना केवढा, उंदीरएवढा शे." मूल वाढलं म्हणायचं नाही, भरलं म्हणायचं नाही. आणि अर्थात वाळलं असंही म्हणायचं नाही. ते तर ओठांवर येऊच द्यायचं नाही.

दुसरी मोठी लढाई लागायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मुलगा वर्षाचा होऊन वर थोडा झाला होता. आमच्याकडे उन्हाळा जसा माणसाला भाजतो, तशी थंडीही कोरडी, चावरी. सकाळी घागरीला हात लागला तरी झोंबायचं. मागून आणलेली धडुती सगळी सुती, झिरझिरीत. मी म्हटलं, अक्का, मी याला क्रोशाची बंडी विणते.

क्रोशा मला कुणी शिकवला नव्हता. जळगावला आमच्या समोरच्या ओट्यावर एक बाई विणत बसायच्या, त्यांची बोटं मी इकडून पाहायची आणि घरी येऊन छत्रीच्या मोडक्या तारेला दगडावर घासून आकडा केला होता, त्यानं करून बघायची. आई म्हणायची, "कोळ्याच्या पोटी जायची ती माझ्या पोटी आली." ती छत्रीची तार मी सासरी आणली होती. फुलं, झालरी, रुमालाच्या कडा यायच्या मला. अंगातलं काही कधी केलं नव्हतं.

अक्कांनी विचार केला आणि म्हणाल्या, विण, पण दोरा पाच घरचा पाहिजे. विकतचा नाही.

मग मी पदर पसरला. मागायला लाज वाटली का म्हणाल तर नाही वाटली. दोन गेल्यावर लाज कसली? शिंपिणीनं काळ्या दोऱ्याचं उरलेलं रीळ दिलं. मास्तरांच्या बायकोनं चरख्यावर काढलेलं सूत दिलं, ते मध्येच जाड मध्येच बारीक, जसं काही सापानं उंदीर गिळलाय. कोष्ट्याच्या घरून मागावरचा तुटका लाल दोरा मिळाला. जिनमधल्या मुकादमाच्या आईनं जुन्या लुगड्याचा काठ उसवून हिरवा दिला. आणि पाचवं घर शेठाणीचं.

शेठाणी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या कापडवाल्यांची सून. मारवाडातून आलेली, माझ्याच वयाची, तोंडानं भारी गोड आणि भारी फाजील. तिनं पांढऱ्या चमकदार दोऱ्याचा अख्खा गुंडा काढून दिला. वर तिच्या मुलाची क्रोशाचीच बंडी, माहेरून आलेली, ती माझ्या हातात ठेवली.

"ले जा, भाभी. हिचे टाके मोज आणि तसंच कर. पण माझ्या गोप्याएवढी करू नकोस हां, तुझा मुलगा आत हरवेल, शोधायला पोलीस बोलवावे लागतील."

तिचा मुलगा होताच तसा, लोण्याचा गोळा. माझ्या मुलापेक्षा महिनाभर लहान, पण उचलला तर कंबर धरायची.

ती बंडी मांडीवर पसरून मी तिचा नमुना समजून घेतला. खालून वर विणलेली नव्हती ती, आडवी होती. पुढच्या एका कडेला साखळी घालायची, त्यावर खांबाच्या ओळी चढवत जायचं, छाती ओलांडायची, काखेला भोक सोडायचं, पाठ ओलांडायची, दुसरी काख, आणि दुसऱ्या कडेला येऊन थांबायचं. साखळी म्हणजे पायाची ओळ, आणि खांब म्हणजे तिच्यावर उभा केलेला टाका, एवढं कळलं तरी पुरे. म्हणजे साखळी जेवढी लांब तेवढी बंडीची उंची, आणि ओळी जेवढ्या जास्त तेवढा घेर. हुशार नमुना. घेर जास्त झाला तर शेवटच्या ओळी उसवल्या की काम झालं.

पण कुणाचा घेर? माप तर घ्यायचं नव्हतं.

मी माझ्या अंगावर त्याचं माप धरलं. अक्कांना न दिसता, म्हणजे त्यांना दिसलं तरी कळणार नाही असं. त्याला डाव्या हातावर घेतलं की मान कोपराच्या खोबणीत यायची आणि ढुंगण माझ्या बांगड्यांशी. झाली उंची. उजव्या हातानं त्याला कवेत घेतलं की माझी बोटं माझ्याच डाव्या काखेला टेकायची. झाला घेर. माझा हातच मुलगा समजून मी विणत होते. पाचही दोरे सारखे नव्हते, म्हणून शिंपिणीचा काळा दुहेरी घेतला, चरख्याचा एकेरी, लाल-हिरव्याला एकमेकांत पीळ दिला. नमुन्यातल्या ओळी कमी केल्या, साखळी आखूड केली. विणताना ते जड सूत माझ्या बोटाला लागायचं आणि मला बरं वाटायचं. दोन मुलांसाठी मी काहीच विणलं नव्हतं.

बंडी झाली. घातली. बरोब्बर बसली. अक्कांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "काय भिकारीनं ध्यान दिसी राहिनं!" म्हणजे त्या खूष होत्या.

काही दिवस गेले आणि बंडी खांद्यावरून उतरायला लागली.

मला वाटलं, सुताचा दोष. सूत लोंबतं, हे खरंच आहे. शेठाणीला विचारलं, ती म्हणाली, "अगं सुती क्रोशा म्हणजे नवऱ्यासारखा, पहिले चार दिवस ताठ, मग सैलच. एक-दोन ओळी काढून टाक." मी काढल्या. काख पुढे सरकायची, म्हणून काखेपर्यंत उसवायचं आणि पुन्हा कमी ओळींनी चढवायचं. जो दोरा उरला तो गुंडाळून कोनाड्यात ठेवला. सुपारीएवढा झाला.

पुन्हा बसली छान. आणि पुन्हा उतरली.

मी म्हटलं, चरख्याच्या सुताचा दोष. मग म्हटलं, माझा हात सैल आहे, थंडीनं बोटं आखडतात. एकदा तर शेठाणीच्या नमुन्यालाच दोष दिला, की गुटगुटीत मुलाचा नमुना बारीक मुलाला बसायचाच नाही, त्याची बांधणीच वेगळी. दर वेळी नवं कारण मिळायचं आणि दर वेळी मी उसवायची. दर वेळी बंडी बरोबर बसायची. त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं, छान आहे मुलगा, बंडी कशी अंगाबरोबर आहे.

चेहराही भरलेला दिसायचा त्याचा. गाल वर आलेले. पाय गोल. फक्त तो रांगायचा थांबला होता. बसवला तिथं बसायचा. शेठाणीचा गोप्या त्याच्यापुढं खुळखुळा वाजवायचा तरी हात पुढं करायचा नाही. केस भुरे झाले होते. मी म्हणायची, थंडी आहे. थंडी गेली की रांगेल.

आणि एक दिवस त्याला कवेत घेतलं तर माझी बोटं माझ्या काखेच्या पलीकडं, पाठीवर गेली.

मी त्याला घेऊन तशीच उभी राहिले. बोलायचं नव्हतं. यांना सांगावं तर हे दिवसभर जिनमध्ये काट्यापाशी उभे. पारोळ्यात तेव्हा सगळं काट्यावर चढायचं, कापूस, सरकी, भुईमूग. बैलगाडीसकट वजन व्हायचं. फक्त आमचं मूल कुठं चढायचं नाही. अक्कांना सांगावं तर त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं असतं. तोंडातून शब्द काढला की तो खरा होतो, हे माझ्याही मनात तेवढंच घट्ट बसलं होतं. मी काय केलं? बंडी काढली आणि पुन्हा आत घेतली. हात काम करत होता तोवर डोक्याला विचार करावा लागत नव्हता.

एक मात्र लक्षात यायचं. अक्का त्याला न्हाऊ घालायच्या तेव्हा पूर्वी त्याच्याशी बोलायच्या, नाकाला चिमटा घ्यायच्या, पाय ओढायच्या. आता भिंतीकडं तोंड करून भराभर पाणी ओतायच्या आणि टॉवेलात गुंडाळून मोकळ्या व्हायच्या. मी म्हणायची, थंडीमुळं घाई करतात.

गुंडा त्यांना सापडला तो ओवा शोधताना.

दुपार होती. मी पोळपाट धूत होते. मागून काही आवाज नाही म्हणून वळले, तर अक्का कोनाड्यापुढं उभ्या, आणि हातात तो गुंडा. आता तो चांगला मोसंब्याएवढा झाला होता. पांढरा, त्यात काळा, मध्येच लाल-हिरवा पीळ, चरख्याच्या सुताच्या गाठी. उसवलेला दोरा कुरळा राहतो ना, त्यामुळं तो फुगलेला, केसाळ दिसत होता. एखाद्या जनावरासारखा.

"हाऊ कसाना गुंडा शे?"

"उरलेला दोरा आहे, अक्का."

"उरेल? का उसवेल?"

मी पोळपाटावर पाणी ओतलं.

"मी इचारी राहिनू. बंडीमातला का?"

"हो. सूत लोंबतं ना. म्हणून आत घेतली."

"इतला?"

त्यांनी तो गुंडा तळहातावर तोलला. मग खाली बसल्या. आवाज अगदी बारीक काढून, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता त्यांचा, म्हणाल्या, "हाऊ बठ्ठा मना पोऱ्याना आंगवरना शे."

सगळा त्याच्या अंगावरचा. माझ्या हातातला पोळपाट खाली पडला. मुलगा दचकलासुद्धा नाही.

"तुले माहीत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला?"

"मी न्हाऊ घालस त्याले."

म्हणजे दोघींनाही माहीत होतं. एका खोलीत, एका चुलीशी, एका मुलाला आळीपाळीनं घेऊन आम्ही दोघी बसत होतो आणि दोघीही एकमेकींपासून ते लपवत होतो. माप घ्यायचं नाही म्हणून केवढी काळजी घेतली, आणि त्या दोऱ्यानं गपचूप माप घेऊन कोनाड्यात ठेवलं होतं.

अक्का उठल्या. गुंडा पदराच्या टोकाला बांधला. "जिनमा निरोप धाड. धुयाले जावानं शे. आत्ता."

धुळ्याला मुलांचे म्हणून एक डॉक्टर होते, त्यांचं नाव आमच्यापर्यंत आलेलं. सर्व्हिस मोटार उभीच होती बाजारात. यांनी आम्हाला बसवलं आणि टपावर जाऊन बसले, आत जागा नव्हती. शेजारी एक म्हातारी कोंबडीची टोपली घेऊन बसली होती. तिनं कुंचीतलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "कितला गुटगुटीत शे हो तुमना पोऱ्या!"

एरवी कुणी असं म्हटलं असतं तर अक्कांनी मोटार थांबवून तिची मीठ-मोहऱ्यांनी आरती केली असती. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचं ते न बोलणं मला धांड्याच्या आवाजासारखं ऐकू आलं. मी मुलाच्या छातीवर हात ठेवून बसले. खड्ड्यांतून मोटार उडायची आणि दर वेळी मला वाटायचं, आता हाताखाली काही हलत नाही.

डॉक्टर वयस्कर, तुटक बोलणारे. बंडी काढायला लावली. त्या एवढ्या उजेडात मी प्रथमच त्याला उघडा पाहिला. दंड माझ्या अंगठ्यासारखे, पोट वर आलेलं, बरगड्या मोजता येतील अशा. आणि वर ते गुबगुबीत तोंड, जसं काही दुसऱ्या मुलाचं आणून बसवलेलं. डॉक्टरांनी त्याच्या गोल पायावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

मग त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली.

"नका!" अक्का अशा ओरडल्या की बाहेर बसलेले लोक उठून उभे राहिले. "टेप नका लावू, साहेब. पाया पडस."

"आजीबाई, दंड मोजायचा आहे मला."

अक्कांनी पदराची गाठ सोडली आणि तो गुंडा टेबलावर ठेवला. "हाई ल्या माप. इतला गया."

डॉक्टरांना अर्थातच काही कळेना. मग मी सांगितलं. बंडी, ओळी, कितीदा उसवली, सगळं एका दमात. त्यांनी एकदा बंडीकडं पाहिलं, एकदा गुंड्याकडं. टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"खायला काय देता याला?"

अक्का सावरून बसल्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ होतं. "तांदळाची पेज. साबुदाण्याची खीर, पाण्यातली. बाकी काहीबाही पोटात जाऊ देत नही मी. पहिला दोन जुलाबमा गयात. म्हणून मी दूध बी बंद करं. वरण नही, भाकर नही, शेंगदाणा तर नजरनं बी दखू देत नही."

"आईचं दूध?"

"कमी झालंय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं मला, पण रागावले नाहीत. "आजीबाई, याला रोग नाही. हा उपाशी आहे. नुसत्या पांढऱ्या पाण्यावर मूल जगत नाही. हे तोंड भरलेलं दिसतं ना, ती सूज आहे. आज आणलात ते बरं केलंत."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला त्यांच्याकडं बघवेना. दोन गेलेल्या मुलांच्या भीतीनं त्या बाईनं तिसऱ्याच्या तोंडाशी पहारा बसवला होता आणि मी त्या पहाऱ्यात सामील होते.

डॉक्टरांनी सांगितलं, मुगाचं वरण द्या, दूध द्या, केळं कुस्करून द्या, शेंगदाण्याची बारीक पूड भाकरीत कालवून द्या. थोडं थोडं, पुनःपुन्हा. "आणि ऐका. सुरुवातीला जुलाब होतील. थांबू नका. मग सूज उतरेल आणि हा आतापेक्षा जास्त वाळलेला दिसेल. तेव्हाही थांबू नका. तेव्हा भ्यालात तर गेला." असं स्पष्ट म्हणाले. मग गुंडा उचलून अक्कांच्या हातात दिला. "हा सांभाळून ठेवा. लागेल."

सांगणं सोपं हो. पहिल्या दिवशी मुगाचं पातळ वरण वाटीत घेऊन मी त्याच्यापुढं बसले आणि माझा हात वर जाईना. तोच मूग, तीच वाटी, जी मुलीच्या तोंडाशी मी धरली होती. अक्का चुलीशी बसून माझ्या हाताकडं बघत होत्या. शेवटी उठल्या, माझ्याकडून वाटी घेतली. "आण आठे. मी खावाडस. काही हुयनं तर मना हातनं व्हई, तुना हातनं नको."

मला वाटतं, त्या बाईनं मला त्याहून मोठं काही दिलं नाही.

आणि झालंच. दुसऱ्या दिवशी जुलाब झाले. हिरवे, फेसाळ. मी त्याचं लंगोट धुताना रडत होते आणि मनात एकच, तिसऱ्यांदा आता धांडा कोण आणणार? आत गेले तर अक्का केळं कुस्करत होत्या. तोंड पांढरं पडलेलं, ओठ पुटपुटत होते, पण बोटं कुस्करत होती. "सायबनं सांगं का नही? थांबानं नही." मला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे. मुलानं केळं थुंकलं. त्यांनी पुसलं आणि पुन्हा लावलं.

मग सूज उतरली. देवा, ते दिवस. गाल गेले, डोळे मोठे झाले, तोंड एवढंसं, म्हाताऱ्यासारखं. शेठाणी बघायला आली आणि दारातच तिचा हात तोंडावर गेला. नेहमी जिची जीभ थांबत नाही ती काही न बोलता निघून गेली. थोड्या वेळानं भिंतीवरून तुपाची वाटी आली. बंडी तर त्याच्या अंगावर आता नुसती टांगलेली. खांद्यांवरून दोन्हीकडं उतरायची. माझा हात आपोआप त्या छत्रीच्या तारेकडं गेला. उसवण्यापुरता तरी जीव गुंतेल.

अक्कांनी माझं मनगट धरलं. "उसवू नको आते. ऱ्हाऊ दे ढगळी. तोच भरी काढी."

तर मी नाही उसवली. ती ढगळी बंडी बघत बसायची, हे उसवण्यापेक्षा किती अवघड होतं ते तुम्हाला सांगता येणार नाही. रोज सकाळी बघायची, खांद्यापासून किती उतरलीय. आज कालएवढीच. आज जरा जास्त की काय? नाही, कुशीवर झोपला होता म्हणून. हे कामावर जाताना बंडीकडं बघायचे आणि चप्पल घालायचे.

एक दिवस त्यानं अक्कांच्या हातातली भाकरी हिसकली. कालवलेली नाही, अख्खी कोरडी भाकरी, त्यांच्या ताटातली. आणि ती तोंडात कोंबून मोठ्यानं ओरडला, कुणी काढून घेईल म्हणून. अक्का हसल्या आणि हसता हसता घाबरून इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही.

थंडी सरत आली तेव्हा बंडी खांद्यावर थांबली. मी दोनतीन दिवस कुणाला बोलले नाही. मग एका सकाळी तिच्या नाड्या पुढून नीट बांधता येईनात, आणि आता पोट उतरलेलं होतं, ही छाती होती. मी आत जाऊन गुंडा घेऊन आले. अक्कांनी पाहिलं. सरकून माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि गुंडा आपल्या मांडीवर घेतला, मी ओढीन तसा दोरा सोडत राहिल्या. कुरळा झालेला दोरा ताठ करून मी एकेक ओळ चढवली. चढवलेल्या ओळी आधीच्या ओळींशी जुळल्या नाहीत, पहिल्यांदा जिथं काळा होता तिथं आता हिरवा आला, बंडी आणखीच भिकाऱ्यासारखी दिसायला लागली.

होळीच्या सुमारास तो उभा राहायला लागला. अंगणात कडब्याची पेंडी होती, तिच्यातला एक धांडा ओढून, तो जमिनीत टेकवून, त्याच्या आधारानं उभा. धांडा त्याच्या डोक्याच्या जरा वर येत होता. शेठाणी भिंतीवरून म्हणाली, "वा रे, काठी टेकून पाटील निघाले शेताला!"

अक्का आतून धावत आल्या. त्या वयात त्यांना तसं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. धांडा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि भिंतीपलीकडं भिरकावला, शेठाणीच्या अंगणात. मुलगा धपकन बसला आणि भोकाड पसरलं. मीही तोवर तिथं पोचले होते, माझेही हात पुढं होतेच. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, धापा टाकत, आणि तो रडत होता, चांगला भरल्या छातीनं, लाल होऊन.

मग अक्का खाली बसल्या, त्याला आपलं बोट दिलं. तो रडता रडताच ते धरून उभा राहिला.

त्या दिवशी मी बंडीला पुन्हा ओळी चढवायला घेतल्या, तर दुसऱ्या काखेपाशीच दोरा संपला. कोनाड्यात हात घालून बघितलं, गुंडा नव्हता, संपला होता. मी अक्कांना म्हटलं, आता काय करायचं, बंडी पुरत नाही.

"मंग बसनी कसाले?" अक्का म्हणाल्या. "पदर पसर आणि जाय. पाच घर कुठं जायेल नहीत."